ड्रायव्हर काय म्हणतो?

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. कारणं दोन. एक आळस, त्याबद्दल काही बोलायला नको. दुसरं म्हणजे गेली काही वर्षं हिवाळ्यातले माझे गुरुवार एका शाळेच्या हॉलमध्ये जातात. मागे मावशीचा पुण्याहून फोन आला होता. तिने विचारलं, "अजून त्या खेळण्यातल्या गाड्यांत अडकलायस का रे तू?" फोन स्पीकरवर होता, त्यामुळे "हो ना मावशी, दोघंही!" हे उत्तर मी तोंड उघडायच्या आत सौ.ने देऊन टाकलं.

मावशी, हा लेख तुझ्यासाठी. आणि त्या सगळ्या मित्रमैत्रिणींसाठी, ज्यांनी कधी ना कधी आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर चहाचा कप ठेवायला जागा शोधली आणि तिथे स्प्रिंगा, स्क्रू आणि सिलिकॉन तेलाच्या बाटल्या बघून कप हातातच धरला.

तर गोष्ट अशी. आम्ही राहतो इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीजवळ. २०२२च्या डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीत चिरंजीवांसाठी एक किट आणलं. टामिया या जपानी कंपनीचं टीटी-०२. खऱ्या गाडीच्या एक-दशांश आकाराची, विजेवर चालणारी, चारही चाकांना ताकद देणारी गाडी. डबा उघडला की आत गाडी नसते. पिशव्या असतात. पिशव्यांत प्लास्टिकचे सुटे भाग, दांडे, गिअर, स्क्रू, आणि वर एक पारदर्शक पॉलिकार्बोनेटची बॉडी, जी आपणच आतल्या बाजूने रंगवायची. चिरंजीव तेव्हा १० वर्षांचे. चार दिवस आम्ही दोघं टेबलावर ओणवे. तो माहितीपुस्तिकेतली चित्रं बघून भाग शोधायचा, मी स्क्रू पिळायचो. त्याच्याशी सलग इतका वेळ मी त्याआधी कधी बोललो होतो, मला आठवत नाही. बोललो म्हणजे काय, "तो एमए-१३ दे", "हा नव्हे, लांबवाला". पण बोललो.

हे 'टूरिंग कार' प्रकरण १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला वाढलं. त्याआधी विजेवरच्या रिमोट गाड्यांत मातीत उड्या मारणाऱ्या बग्ग्यांचं राज्य होतं. मग रस्त्यावरच्या साध्या मोटारींसारख्या दिसणाऱ्या, सपाट जागेवर पळणाऱ्या गाड्या आल्या, आणि लोकांना कळलं की त्यासाठी मैदान लागत नाही, एखादं पार्किंग किंवा शाळेचा हॉल पुरतो. आता या प्रकाराच्या जागतिक स्पर्धा होतात. मार्क राइनार्ड नावाच्या जर्मन गड्याने २००४, २००८ आणि २०१० अशी तीनदा ती जिंकली. आमचा त्या जगाशी संबंध गल्लीतल्या टेनिस बॉलच्या क्रिकेटचा लॉर्ड्सशी असतो तेवढाच. पण गल्लीतल्या क्रिकेटमध्येही भांडणं होतातच की!

आता गुरुवारची संध्याकाळ कशी असते ते सांगतो. सहा वाजता हॉलचं दार उघडतं. आलेले सगळे मिळून कार्पेटच्या मोठमोठ्या गुंडाळ्या उलगडतात, कडांना चिकटपट्टी लावतात, मध्ये फळ्या मांडून वळणं तयार करतात. एका बाजूला उंच ओटा. शर्यत चालवणारे त्यावर उभे राहतात, हातात ट्रान्समीटर. भिंतीला लागून टेबलं, प्रत्येकाची एक. टेबलावर चार्जर, गाडी, दिवा, आणि डब्यातलं खाणं. एक शर्यत ५ मिनिटांची. गाडीत एक छोटा ट्रान्सपॉन्डर असतो, तो कार्पेटखालच्या तारेवरून गेला की संगणक फेरी मोजतो. आमच्या हॉलमध्ये एक फेरी साधारण १२ सेकंदांची, म्हणजे नीट चालवलं तर ५ मिनिटांत २५ फेऱ्या. आधी पात्रता फेऱ्या, मग त्यातल्या क्रमानुसार अ, ब, क अशा अंतिम शर्यती. आणि मला सगळ्यात आवडलेला नियम: आपली शर्यत संपली की ट्रान्समीटर ठेवायचा आणि पुढच्या शर्यतीत वळणावर उभं राहून दुसऱ्यांच्या उलटलेल्या गाड्या सरळ करून द्यायच्या. हे काम कोणालाही चुकत नाही. तिथे चाळीस वर्षं शर्यती खेळलेले गृहस्थ आमच्या चिरंजीवांची गाडी वाकून सरळ करतात आणि "चिअर्स" म्हणतात.

पहिल्या गुरुवारी आमची गाडी सगळ्यात मागे होती. तक्रार नव्हती. चिरंजीव घामाघूम आणि खूश. परत येताना गाडीत बसल्यावर म्हणाला, "बाबा, मी एकाला ओव्हरटेक केलं! त्याची बॅटरी संपली होती, बट स्टिल."

खरं तर इथेच मी थांबायला हवं होतं.

पण मी पडलो इंजिनिअर. तोही वाहन उद्योगातला. (दिवसभर एक्सेलसमोर बसणारा, हे वेगळं.) गाडी हळू आहे म्हणजे काहीतरी सुधारण्याजोगं आहे. आणि या गाड्यांची गंमत, किंवा व्यसन म्हणा, हेच आहे की सुधारण्याजोगं अक्षरशः सगळंच असतं.

सुरुवात बेअरिंगपासून झाली. किटमध्ये बऱ्याच ठिकाणी साधे बुश येतात, ते काढून बॉल बेअरिंग घातले की चाक बोटाने फिरवल्यावर थांबायचं नावच घेत नाही. मग डॅम्पर. किटमधले नुसते घर्षणावर चालणारे असतात, त्या किमतीत तेच योग्य. ते काढून तेलाचे बसवले. एवढासा तो डॅम्पर, करंगळीच्या पेराहून थोडा मोठा, पण त्यात तेल भरणं हे काम पुरणपोळी लाटण्याइतकंच नाजूक आहे. तेल काठोकाठ भरायचं, दांडा हळूहळू वरखाली करायचा, हवेचे बुडबुडे वर यायची वाट बघायची, आणि ते आल्याशिवाय झाकण लावायचं नाही. घाई केली की आत हवा राहते आणि मग डावा डॅम्पर एक बोलतो, उजवा दुसरंच. चार डॅम्पर भरायला पहिल्यांदा मला पूर्ण रविवार लागला.

मग गिअरचं गणित. मोटरवरचा छोटा गिअर २२ दात्यांचा, त्याला लागलेला मोठा ७० दात्यांचा, आणि गाडीच्या आतलं प्रमाण २.६. म्हणजे ७० भागिले २२ गुणिले २.६, आलं ८.२७. मोटर सव्वाआठ वेळा फिरते तेव्हा चाक एकदा फिरतं. छोटा गिअर २३चा घातला की ७.९१. वेग वाढतो, पण मोटर तापते आणि वळणातून बाहेर पडताना सुस्त होते. लहान हॉलमध्ये सरळ रस्ता तो केवढा, तिथे वेग घेऊन करणार काय? हे मला कळायला दोन महिने आणि एक जळकट वासाची मोटर लागली.

मग चाकांचे कोन. कॅम्बर म्हणजे समोरून बघितलं तर चाक आत किती कललंय ते. वळणात गाडी बाहेर झुकते, तेव्हा टायर पूर्ण रुंदीने टेकावा म्हणून ते आधीच एक-दोन अंश आत कलतं ठेवायचं. बरोबर आहे की नाही हे टायरच सांगतो: सगळीकडे सारखा झिजला तर ठीक, आतली कड झिजली तर जास्त झालं. टो म्हणजे वरून बघितलं तर चाकांची तोंडं आत की बाहेर. मागची चाकं दोन-तीन अंश आत वळलेली असली की गाडी सरळ धरून चालते. मग जमिनीपासूनची उंची, आमच्या कार्पेटवर ५ मिलिमीटरच्या आसपास. मग स्प्रिंगा. सर्वसाधारण नियम असा की ज्या बाजूची स्प्रिंग मऊ कराल त्या बाजूला पकड वाढते. गाडी वळायला कुरकुरते, नाकासमोर जाते? पुढची मऊ करा. शेपूट सुटते? मागची मऊ करा. हे सगळं एकमेकांत गुंतलेलं. एक ओढलं की दुसरं हलतं, एकत्र कुटुंबासारखं.

या बाबतीत क्लबातल्या एका पांढऱ्या दाढीच्या गृहस्थांनी मला पहिल्याच महिन्यात एक सल्ला दिला होता. एका वेळी एकच बदल करायचा, गाडी चालवून बघायची, वहीत लिहायचं, मग पुढचा. मी वही घेतली. छान, जाड पुठ्ठ्याची. पण 'एका वेळी एकच' हे काही आपल्याला जमलं नाही. संध्याकाळ तीन तासांची, चालवायला मिळणार चारदा, एकेक बदल करत बसलो तर म्हातारपणी जिंकू! त्यामुळे मी एका दमात पुढची स्प्रिंग, मागचं तेल आणि कॅम्बर असे तिन्ही बदलायचो. गाडी सुधारली तर कशामुळे ते कळायचं नाही, बिघडली तर तेही नाही. वही मात्र भरत होती.

आणि चिरंजीव? तो ओट्यावर उभा राहून चालवायचा. खाली आला की मी विचारायचो, "आता कशी वाटली?" तो म्हणायचा, "ओके." किंवा "माहीत नाही." मी म्हणायचो, "अरे, नीट लक्ष दे ना! मागचं सुटतंय की पुढचं ढकलतंय?" तो खांदे उडवायचा. मला राग यायचा. मी एवढं करतोय आणि ह्याला सांगता येत नाही?

२०२३च्या ऑक्टोबरात नवा हंगाम सुरू झाला. आमची गाडी वळणात गर्रकन फिरायला लागली. दरवेळी नाही, पण एका शर्यतीत तीन-चारदा. फिरायची, उलट्या तोंडाने थांबायची, मागून येणारे आदळायचे. १९ फेऱ्या, १८ फेऱ्या. मी मागच्या स्प्रिंगा मऊ केल्या. मागचा टो वाढवला. तेल ४००चं काढून ३५०चं घातलं. टायर बदलले. वहीची चार पानं. फरक शून्य.

आता जे लिहायचं आहे ते लिहायला मला जड जातंय. पण ते टाळलं तर बाकीच्या लेखाला अर्थ नाही.

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी पात्रता फेरीत गाडी पाचव्यांदा फिरली आणि फळीवर आदळून पुढचा आर्म तुटला. चिरंजीव खाली आला. डोळे भरलेले. म्हणाला, "बाबा, गाडी बरोबर नाहीये." मी आर्म बदलला. मधल्या वेळात सरावाला दोन मिनिटं मिळाली, तेव्हा मी त्याच्या हातातून ट्रान्समीटर घेतला, ओट्यावर चढलो आणि सलग आठ फेऱ्या मारल्या. एकदाही गाडी फिरली नाही. मी खाली आलो आणि चारचौघांत, चांगल्या मोठ्या आवाजात म्हणालो, "बघ. चालते की. गाडीत काही नाही."

पुढचं वाक्य मी उच्चारलं नाही. उच्चारायची गरजच नव्हती. तो ११ वर्षांचा होता, मूर्ख नव्हता.

त्याने अंतिम शर्यत चालवली, शेवटून पहिला आला, दुसऱ्यांच्या गाड्या उचलायला वळणावर उभा राहिला (तो नियम त्याने चुकवला नाही), आणि घरी येताना खिडकीबाहेर बघत बसला. पुढच्या गुरुवारी म्हणाला, पोट दुखतंय. त्याच्या पुढच्या गुरुवारी म्हणाला, "तू जा ना बाबा. तशीही ती तुझीच गाडी आहे."

मी गेलो नाही. गाडी टेबलावरून उचलून कपाटावर ठेवली.

डिसेंबरात आण्णा आले. माझे वडील. आई गेल्यापासून ते दर दोन-तीन वर्षांनी येतात, थंडी वाजते म्हणून कुरकुरतात आणि दोन महिने राहून परत कराडला जातात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आण्णांनी उभं आयुष्य ट्रकच्या गॅरेजात काढलं. आधी दुसऱ्याच्या, मग स्वतःच्या. माझं इंजिनिअरिंग त्यांच्या हाताच्या काळ्या रेषांतून आलंय, आणि ते मला त्यांनी एकदाही ऐकवलेलं नाही.

आण्णांना इथे करमत नाही. तिसऱ्या दिवशी त्यांची नजर कपाटावर गेली. "ती काय रं गाडी?"

मी खाली काढून दाखवली. बॉडी काढली. आण्णांनी चष्मा लावला आणि त्या गाडीकडे असं बघितलं जसं ते बॉनेट उघडल्यावर बघायचे: कुठेही हात न लावता, आधी नुसतं. मग एकेक विचारायला लागले. हा डिफ्रन्शल का? पुढं पण हाय? मधला हा शाफ्ट? हितं पाटे न्हाईत, स्प्रिंगाच, बरं. त्यांनी बोटांनी गाडी दाबली, सोडली, पुन्हा दाबली. मग मला म्हणाले, "डाव्या अंगाला बसलीया."

मी म्हटलं, शक्यच नाही, मी मोजलंय. मग आठवलं की यासाठी एक साधी परीक्षा असते. गाडी सपाट काचेवर ठेवायची, पुढच्या बाजूला बरोबर मध्यभागी स्क्रूड्रायव्हरचं टोक घालून हळूच उचलायची. दोन्ही पुढची चाकं एकदम उचलली गेली तर ठीक. एक आधी आणि एक नंतर उचललं तर गाडीला पीळ आहे. तसं असलं की ती एका बाजूला एक वळते आणि दुसऱ्या बाजूला दुसरंच. मी केली परीक्षा. उजवं चाक आधी उठलं, डावं काचेवरच. माझ्या त्या अखंड बदलांत कधीतरी मागच्या एका डॅम्परवरचा स्पेसर जाड बसला होता. तो बदलला, दोन्ही चाकं एकदम उठली. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. गाडीचा तरी गेला. माझा अजून शिल्लक होता.

"हेच असणार," मी म्हटलं. "आता फिरणार नाही."

आण्णा काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "आरं, पण चालीवतंय कोण?"

"तो. पण त्याला सांगता येत नाही आण्णा. विचारलं की खांदे उडवतो. आणि मी चालवली तेव्हा एकदाही फिरली नाही."

तेव्हा आण्णांनी मला एक गोष्ट सांगितली, जी मी त्याआधी कधी ऐकली नव्हती. त्यांच्याकडे एक ड्रायव्हर यायचा. कराडहून चिपळूणला माल नेणारा. त्याची तक्रार: ट्रक डाव्या अंगाला ओढतो. आण्णांनी ट्रक काढला, हायवेला जाऊन आले, दोन्ही हात सोडून बघितलं. सरळ. त्याला म्हणाले, "काय न्हाई. तू झोपंत चालीवतूस." गॅरेजातली पोरं हसली. ड्रायव्हर गेला. आठ दिवसांनी परत आला, तीच तक्रार. या वेळी काय वाटलं कोण जाणे, आण्णा त्याच्या शेजारी केबिनमध्ये बसून कुंभार्ली घाट उतरले. आणि उतारावर, ब्रेक धरून धरून चाकं तापल्यावर, ट्रक डाव्या अंगाला ओढायला लागला. उजव्या पुढच्या चाकाच्या लायनरवर ग्रीस उतरलं होतं. ते चाक ब्रेक धरत नव्हतं. हायवेला सरळ रस्त्यावर ते कधीच कळलं नसतं.

"मी माज्या रस्त्यावर चालीवला," आण्णा म्हणाले. "त्येच्या रस्त्यावर न्हाई. ड्रायव्हर खोटं बोलत नस्तो. त्याला शब्द घावत नाय एवढंच."

मग त्यांनी नातवाला हाक मारली. तो आला, गाडी टेबलावर बघून थबकला. आण्णांनी त्याला शेजारी बसवलं आणि त्याच्याशी बोलायला लागले. त्याचं मराठी अर्धं, यांचं इंग्रजी शून्य. मी मध्ये तोंड घालायला गेलो तर आण्णांनी हाताने थांबवलं.

"कवा फिरती? ब्रेक मारल्यावर, का रेस दिल्यावर?"

चिरंजीवाने विचार केला. मला त्याने असा विचार करून कधी उत्तर दिलं नव्हतं. मीही असं कधी विचारलं नव्हतं म्हणा. मी विचारायचो 'मागचं सुटतंय की पुढचं ढकलतंय', जो प्रश्न गाडीबद्दलचा आहे. आण्णांनी विचारलं ते त्याच्या बोटाबद्दल.

"रेस सोडल्यावर," तो म्हणाला. "कॉर्नरमध्ये. मला भीती वाटते, सो मी सोडतो. मग ती पण घाबरते."

"मंजी रेस सोडली की कोणतरी ब्रेक मारतंय."

आणि माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. कोणतरी नव्हे. मी.

सप्टेंबरात, हंगाम सुरू व्हायच्या आधी, मी नवा ईएससी बसवला होता. बॅटरीची वीज मोटरला किती द्यायची ते ठरवणारी ही पेटी. तिच्यात एक सोय असते: थ्रॉटलवरून बोट काढलं की ती आपोआप थोडा ब्रेक लावते. वेगवान मंडळी वापरतात म्हणून मी तो २० टक्क्यांवर ठेवला होता. तो बदल स्क्रूचा नव्हता, स्प्रिंगचा नव्हता, म्हणून वहीत लिहायचं राहून गेलं. आणि मी स्वतः? मी वळणात थ्रॉटल कधी पूर्ण सोडत नाही, थोडा धरून ठेवतो. त्यामुळे तो ब्रेक माझ्या हातात कधी लागलाच नाही. चिरंजीव वळणात घाबरून बोट काढायचा. त्याच क्षणी चारही चाकांना ब्रेक, वजन पुढे, मागची चाकं हलकी, आणि गाडी गर्रकन फिरणार. पीळ होता तो वेगळाच. मी अडीच महिने मागच्या स्प्रिंगांशी खेळत होतो.

मी प्रोग्राम-कार्ड जोडलं आणि तो आकडा शून्य केला. दहा सेकंदांचं काम.

मग मी चिरंजीवाला सॉरी म्हटलं. गाडीबद्दल, आणि त्या गुरुवारबद्दलही. आपल्याकडे बाप मुलाला सॉरी म्हणत नाही, निदान आमच्याकडे तरी तशी पद्धत नव्हती. आण्णा तेवढ्यात उठून चहा टाकायला गेले. ते चहा टाकत नाहीत कधीच. कपाटं उघडझाप केल्याचा आवाज बराच वेळ येत होता.

पुढच्या गुरुवारी आम्ही तिघं गेलो. आण्णांनी कानटोपी, मफलर, आणि डब्यात सौ.चा चिवडा. शेजारच्या टेबलावरच्या पांढऱ्या दाढीवाल्या गृहस्थांना त्यांनी मूठभर चिवडा दिला. भाषा एकही सामाईक नसताना दोघं बराच वेळ एका डॅम्परवर बोलत होते, कसे ते विचारू नका.

तुम्हाला वाटत असेल चिरंजीव जिंकला. नाही हो. क अंतिम शर्यतीत आठांपैकी पाचवा आला. २२ फेऱ्या. दोनदा फळीवर आदळला, एकदा उलटला. पण वळणात फिरला नाही. खाली आल्यावर तो आधी माझ्याकडे न येता आण्णांकडे गेला आणि त्यांना सांगत सुटला: डावीकडे छान वळते, उजवीकडे उशिरा वळते, शेवटी शेवटी पकड वाढते. मी शेजारी उभा. वर्षभर ज्या 'माहितीसाठी' मी त्याच्यामागे लागलो होतो ती सगळी धो धो वाहत होती. त्याला सगळं कळत होतं. बहुतेक पहिल्या दिवसापासून.

तेव्हापासून वही त्याच्याकडे असते. त्यात आता 'कॅम्बर उणे १.५' असं लिहिलेलं नसतं. 'शाळेच्या घंटेजवळच्या कॉर्नरला स्केअरी' असं असतं, आणि त्याच्यासमोर मी काय केलं ते. एका वेळी एकच बदल, हा नियम तोच पाळायला लावतो. मी दुसऱ्या स्प्रिंगला हात लावला की म्हणतो, "बाबा. वन थिंग." आणि बदल करायचा की नाही हे तो ठरवतो. कधी कधी त्याचा निर्णय चुकीचा असतो हे मला आधीच दिसत असतं. तेव्हा गप्प बसणं हे डॅम्परमधली हवा काढण्यापेक्षाही अवघड काम आहे. बुडबुडे हळूहळू वर येतात. झाकण घाईने लावायचं नाही.

फार सुधारलोय असं म्हणणार नाही. गणिताच्या अभ्यासाला बसलो की अजून माझा आवाज चढतो. मग तो नुसता माझ्याकडे बघतो आणि मी पाणी प्यायला उठतो. मीही कधी कधी नोकरीत, घरात, फोनवर माझ्याच रस्त्यावर गाडी चालवून बघतो आणि समोरच्याला सांगतो, चालते की. असो.

मध्ये चिरंजीवांना फुटबॉलचं वेड लागलं होतं, महिनाभर गुरुवार बुडाले. मी गाडी कपाटावर ठेवली नाही, टेबलावरच राहू दिली. सौ.ने एकदाच विचारलं की जेवायचं कुठे.

आण्णा जानेवारीत परत गेले. दर रविवारी फोन असतो. थंडी किती, गॅस संपला, शेजारच्यांच्या मुलीचं लग्न ठरलं, सगळं सांगून होतं. मग म्हणतात, "आणि गाडी?" मी सांगायला लागतो, आण्णा, परवा पुढची स्प्रिंग जरा...

"तुझं ऱ्हाऊ दे," ते म्हणतात. "ड्रायव्हर काय म्हंतो? दे त्येला फोन."

मावशी, तर हे असं आहे. खेळण्यातल्या गाड्याच आहेत. पुढच्या वेळी आलीस की गुरुवारी ये, तुला वळणावर उभी करतो. उलटलेल्या गाड्या तेवढ्या सरळ करायच्या. :)